राखेचं सिमेंट चाललं, मग भंगाराचा पाईप का लपवता?

'रिसायकल पाईप' हा शब्द काढला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. ठेकेदार गालात हसतो आणि वॉर्डातला जागरूक नागरिक ओरडतो, "म्हणजे भंगाराचा माल टाकला ना नालीत!" दोघांनाही वाटतं, ही या दहा-पंधरा वर्षांतली भानगड आहे. तशी ती नाही. नाली, मोरी अन् गटारात टाकाऊ माल वापरायची आपल्या भागातली रीत शेकडो वर्षांची आहे. नवीन काय असेल, तर ती गोष्ट लपवणं. पावसाळ्याआधीच्या कामांचा हंगाम आहे, गावोगाव पाईप खरेदी चालू आहे, म्हणून हा इतिहास आत्ताच लिहितोय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

अचलपूर, बाळापूर, कारंजा या जुन्या गावांत एखादा पडका वाडा दिसला तर त्याच्या भिंतीचा सांधा नीट बघा. चुन्यात तांबूस कण दिसतील. ती सुरखी. फुटक्या विटा, कौलं, भट्टीत वाया गेलेला माल कुटून, चाळून त्याची भुकटी करायची आणि घाणीत चुन्याबरोबर मळायची. बैल गोल फिरतोय, दगडी चाक चुना दळतंय, अन् त्यात मजूर सुरखी टाकतोय, हे दृश्य आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिलेलं आहे. हौद, विहिरीचं बांधकाम, नहाणीची मोरी, जिथे पाणी लागणार तिथे सुरखी हवीच, असा गवंड्याचा आग्रह असे. नुसता चुना हवेत सुकून घट्ट होतो, पाण्यात नीट धरत नाही. भाजलेल्या मातीच्या भुकटीतली सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि तो ओलाव्यातही घट्ट होतो. गवंड्याला सिलिका माहीत नव्हती, पण धरतो की नाही हे माहीत होतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. सुरखी मळली जायची ती घरमालकाच्या अंगणात. कोणत्या विटा कुटल्या, किती टोपल्या पडल्या, हे तो ओट्यावर बसून बघत असे. टाकाऊ माल होता, पण चोरी नव्हती.

पाईप म्हणाल तर तेव्हा तो भाजलेल्या मातीचाच. शेजारी औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर आणली, तिच्यात मातीचे नळ एकात एक बसवून चुन्याने सांधलेले होते. बुऱ्हाणपूरला खान-ए-खानानच्या काळातला कुंडी भंडारा आजही लोक बघायला जातात. पण हे सगळं शुद्ध पाणी आणण्यासाठी. घाण पाणी वाहून नेण्यासाठी वऱ्हाडात जे होतं ते उघडं होतं: दगडी किंवा विटांची नाली, तिच्यावर कुठे फरशी, कुठे काहीच नाही. संत गाडगेबाबा ज्या नाल्या खराट्याने साफ करत गावोगाव फिरले, त्या याच. शेंडगावचा हा माणूस हातात मातीचं गाडगं घेऊन फिरला म्हणून त्याचं नाव गाडगेबाबा पडलं. आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे आणि अमरावतीची भुयारी गटार योजना वर्षानुवर्षं रखडत चालली आहे, हे दोन्ही एकाच शहरात घडतं. असो.

इंग्रजी अमदानीत चिनी मातीचा पाईप आला. लंडनच्या लॅम्बेथमध्ये हेन्री डोल्टनने १८४६ च्या सुमारास मिठाची झिलई दिलेले गटारपाईप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले. आपल्याकडे बंगालात राणीगंजला बर्न कंपनीच्या कुंभारकामाच्या कारखान्यात तसे पाईप तयार होऊ लागले. जुनी सरकारी बंगली, रेल्वे क्वार्टर्स पाडताना अजूनही तपकिरी, चकचकीत, तोंडाशी रुंद असे तुकडे निघतात. टिचकी मारली की भांड्यासारखे वाजतात. जुने प्लंबर त्याला 'एसडब्ल्यू' म्हणतात. आता पाईप आपल्या अंगणात बनत नव्हता. तो शेकडो मैलांवरून रेल्वेने यायचा. आत काय आहे हे गिऱ्हाइकाला कळायचा मार्ग म्हणजे पाईपवर दाबलेला कारखान्याचा शिक्का आणि टिचकीचा आवाज. शिक्क्यावर विश्वास ठेवायची सवय आपल्याला तेव्हापासून लागली.

मग आला ज्याला आपण आजही सरसकट 'ह्यूम पाईप' म्हणतो तो. हे ह्यूम म्हणजे वॉल्टर ह्यूम नावाचे ऑस्ट्रेलियन गृहस्थ. १९१० मध्ये त्यांनी एक युक्ती पेटंट केली: लोखंडी साचा आडवा धरून जोरात फिरवायचा आणि फिरत असतानाच त्यात काँक्रीट ओतायचं. काँक्रीट भिंतीला दाबून बसतं, पाणी बाहेर निघतं, आतून गुळगुळीत आणि घट्ट नळा तयार होतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद, तेच जहाज-विमान-मोटारवाले, त्यांनी १९२६ मध्ये इंडियन ह्यूम पाईप कंपनी काढली. विमान अन् जहाजांचा इतिहास सगळे सांगतात. पण खेड्यापाड्यात वालचंदांच्या उद्योगाचं जे नाव रोज तोंडी येतं ते ह्यूम पाईपचं, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

वऱ्हाडात ह्यूम पाईपने रस्ता बदलला. आपली काळी जमीन, बाप्पा, पावसात बैलगाडीचा आरा गिळते. नाल्यावरचा रपटा वाहून गेला की गाव तुटायचं. तिथे दोन-तीन नळे टाकून वर मुरूम दाबला की मोरी तयार. आजही पांदण रस्त्याच्या कामात सगळ्यात पहिली मागणी असते, "साहेब, दोन ह्यूम पाईप द्या, बाकी आमी पाहून घेतो." आणि इथेच खरेदीतली पहिली आधुनिक चोरी सुरू झाली. सिमेंट पाईपसाठी आपल्याकडे आयएस ४५८ हे मानक आहे. त्यात दाबाविना चालणाऱ्या पाईपचे चार वर्ग आहेत, एनपी-१ ते एनपी-४. एनपी-१ मध्ये सळईच नसते. एनपी-२ हलक्या वाहतुकीसाठी, एनपी-३ मध्यम आणि एनपी-४ जड वाहतुकीसाठी, रेल्वेखाली वगैरे. फरक भिंतीच्या जाडीचा आणि आतल्या लोखंडाचा. जाडी टोकाला टेपने मोजता येते, लोखंड दिसत नाही. कागदावर एनपी-३ आणि जागेवर एनपी-२, हा प्रकार ज्यांनी बांधकाम विभागाच्या बातम्या केल्यात त्यांना नवा नाही. उसाची नाही तर कापसाची ट्रॉली गेली की मोरी खचते आणि दोष जातो काळ्या मातीला.

मातीचा दोष नाही असं नाही. वऱ्हाडची माती पाईपची शत्रूच. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कडक पाईपचे सांधे या ओढाताणीत उघडतात. त्यात अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णा खोऱ्याचा खारपाण पट्टा. तिथलं क्षारयुक्त पाणी काँक्रीटमध्ये झिरपून लोखंडाला गंज चढवतं. आणि गटाराचा पाईप असेल तर आतूनही हल्ला असतो. साचलेल्या मैल्यातून निघणारा वायू पाईपच्या माथ्याशी ओलाव्यात मिसळून गंधकाचं आम्ल बनतो आणि काँक्रीटचं छत खात जातो. वरून रस्ता शाबूत, खाली छत गेलेलं, आणि एक दिवस रिक्षाचं चाक आत.

आता राखेकडे येऊ. अकोला जिल्ह्यात पारसला १९६० च्या दशकापासून कोळशावर वीज तयार होते. आज तिथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठला १,३५० मेगावॅटचा खासगी प्रकल्प उभा राहिला. कोळसा जळला की राख राहते आणि भारतीय कोळशात राख भरपूर. ती कुठे टाकायची? १४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली: वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटा बनवणाऱ्यांनी मातीत किमान २५ टक्के राख मिसळावी. पुढे हे अंतर वाढत गेलं. सिमेंट कारखान्यांनी राख आधीच घ्यायला सुरुवात केली होती. पीपीसी नावाचं जे सिमेंट आपण आज दुकानातून आणतो, त्यात मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के राख असते.

सुरुवातीला लोक काय म्हणत होते ते आठवतं का? "राखेचं सिमेंट नको, त्रेपन्न ग्रेडचं द्या." इंजिनिअरसुद्धा स्लॅबला पीपीसी वापरायला कचरत. आज घर बांधणारा बहुतेक माणूस पीपीसीच आणतो. काय बदललं? राख तीच आहे. बदललं एवढंच, की तिचं मानक ठरलं, प्रमाण ठरलं आणि गोणीवर 'फ्लाय ॲश बेस्ड' असं ठळक छापायला लागले. गंमत म्हणजे हे रसायन जुनंच. राखेतली सिलिका चुन्याशी जे करते तेच सुरखी करत होती. अचलपूरच्या गवंड्याची सुरखी आणि पारसची राख, नात्याने आजी-नात. अंगणात बसून बघणारा मालक गेला, त्याची जागा गोणीवरच्या छपाईने घेतली.

बांधकामाच्या मलब्याचंही तसंच. सिमेंटच्या पडक्या स्लॅबची खडी पुन्हा वापरायला आयएस ३८३ ने २०१६ च्या सुधारणेत परवानगी दिली. साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ पर्यंतच्या मिश्रणात २० टक्क्यांपर्यंत, आणि पाईपखाली जो हलका काँक्रीटचा थर टाकतात तसल्या कामात पूर्ण १०० टक्के. त्याच वर्षी मार्चमध्ये बांधकाम मलब्याचे वेगळे नियम निघाले. म्हणजे गटार योजनेत पाईपखालच्या थराला फोडलेल्या रस्त्याचीच खडी वापरता येते, अधिकृतपणे. आपल्याकडे मात्र ती अंबा नाल्याच्या नाही तर मोर्णेच्या काठावर रात्री ट्रॉलीने पडते आणि पाईपखाली टाकायला नवी गिट्टी डोंगर फोडून येते.

आता मूळ मुद्द्यावर, म्हणजे काळ्या प्लास्टिक पाईपवर.

प्लास्टिक पाईप वऱ्हाडात आला तो शेतातून. शेजारच्या जळगावात भवरलाल जैन यांनी १९८० मध्ये पीव्हीसी पाईपचं उत्पादन सुरू केलं. पुढच्या दशकात विहिरीवरून वावरात पाणी नेणारा लोखंडी पाईप मागे पडला आणि पीव्हीसी आला. मग तुषार सिंचनाचे काळे एचडीपीई पाईप, मग वरूड-मोर्शीच्या संत्रा बागांत ठिबकच्या नळ्या. घरातल्या न्हाणीचं पाणी बाहेर काढायलाही तोच पाईप. माल आला तसं भंगारही आलं. दहा-बारा वर्षांनी कडक झालेल्या नळ्या, फुटके पाईप, ड्रम, टोपल्या, दुधाच्या अन् तेलाच्या कॅन. भंगारवाला हे सगळं उचलतो आणि त्याचं ज्ञान कुठल्याही डिप्लोम्यापेक्षा कमी नाही. तुकडा पाण्यात टाकतो: पीव्हीसी बुडतो, एचडीपीई तरंगतो. काडी लावतो: एकाला मेणबत्तीसारखा वास, दुसऱ्याला नाक झोंबणारा. वेगळं झालं की दळायचं, धुवायचं, वितळवून त्याचा दाणा पाडायचा. दाण्याचा बाजारही दोन नावांनी चालतो, 'व्हर्जिन' आणि 'रिप्रोसेस'. या दाण्याचा पुन्हा पाईप होतो, अन् तो नालीत, शोषखड्ड्यात, वायरच्या आवरणाला, शेताच्या तोंडाशी मोरीला जातो. वर्षानुवर्षं जातोय. 'आमच्या गावात रिसायकल पाईप नको' म्हणणाऱ्याच्या घरासमोर तो बहुधा आधीच गाडलेला आहे.

यात वाईट काय? भंगार हे वाईट नाही. वाईट हे, की बिलावर नुसतं 'एचडीपीई पाईप' लिहिलेलं असतं. अकोल्यात एका दुकानदाराला मी सरळ विचारलं, भाऊ, यातला रिप्रोसेस कोणता? त्याने न लाजता दोन ढीग दाखवले. "हा चांगला, हा चालणारा." मग बिलावर वेगळं लिहिता का? "साहेब, लिहिलं तर घेईन कोण?" त्याचं उत्तर खोटं नव्हतं. जो कारखानदार प्रामाणिकपणे 'यात इतका जुना माल आहे' असं छापेल त्याचा माल ग्रामपंचायत घेणार नाही, कारण अंदाजपत्रकात तसलं काही नसतं. जो छापणार नाही त्याचा माल नव्याच्या भावात किंवा थोडा खाली विकला जातो. लपवणाऱ्याला बक्षीस आहे, सांगणाऱ्याला दंड.

बरं, डोळ्यांनी ओळखता येतं का? रंगावरून तर नाहीच. भंगाराचा दाणा रंगीबेरंगी असतो म्हणून त्यात काळं टाकून रंग झाकतात. पण पाण्याच्या चांगल्या एचडीपीई पाईपमध्येही अडीच टक्क्यांच्या आसपास कार्बन ब्लॅक घालावाच लागतो, नाही तर तो उन्हात तडकतो. दोन्ही काळेच. वजनावरून? "जड आहे म्हणजे मजबूत आहे" हे तर उलटंच. पीव्हीसीत स्वस्त खडूची पूड घातली की पाईप जड होतो आणि ठिसूळही. पीव्हीसी पाण्याच्या सुमारे १.४ पट जड, खडू २.७ पट. एचडीपीईचा तुकडा पाण्यात तरंगायला हवा. बुडाला तर आत भरपूर खडू आहे असं समजा. पण तरंगला म्हणून तो नवा माल आहे असं ठरत नाही, जुनं एचडीपीईही तरंगतंच. नाक, हात अन् बादली एवढंच सांगतात. पुढचं प्रयोगशाळेचं काम, आणि संभाजीनगरला केंद्र सरकारची सिपेट ही संस्था त्यासाठी आहे.

एक धोका मात्र खरा आणि गंभीर आहे. पीव्हीसी टिकावं म्हणून त्यात शिशाची संयुगं घालायची पद्धत आपल्याकडे बरीच वर्षं होती. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये केंद्राने पीव्हीसी पाईपमधल्या शिशाविरुद्ध नियम काढले. म्हणजे त्याआधीचा जुना पाईप भंगारात आला, दळला गेला, की त्यातलं शिसं त्याच्यासोबत नव्या पाईपात जातं. म्हणून पिण्याच्या पाण्याला बाहेरच्या भंगाराचा पाईप चालत नाही. तिथे वाद नको, दयामाया नको. पण नालीचं पाणी कोणी पीत नाही. 'प्यायला बंदी' आणि 'नालीला बंदी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकाच काळ्या पाईपखाली झाकून टाकल्या आहेत.

बाहेर काय झालं ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत शेतातलं पाणी काढायला आधी भाजलेल्या मातीच्या नळ्या असायच्या. १९६० च्या दशकात त्यांची जागा घडीदार प्लास्टिक पाईपने घेतली. आपल्याकडे ज्याला डीडब्ल्यूसी म्हणतात, बाहेरून घड्या आणि आतून गुळगुळीत, तो याच घराण्यातला. शेतात आणि खासगी कामात तिथेही जुन्या माल्याचे पाईप चालत होतेच. सरकारी रस्त्याखाली मात्र नवाच माल, अशी अट होती. मग त्यांनी ओरडण्यापेक्षा तपासलं. पेनसिल्व्हेनियात लोकल रेल्वेच्या रुळाखाली जुन्या माल्याचा पाईप गाडून तो कसा वागतो ते मोजलं. राष्ट्रीय महामार्ग संशोधन कार्यक्रमाचा अहवाल २०१८ मध्ये आला. त्यातला कळीचा मुद्दा आपल्या भंगारवाल्यालाही पटेल: जुनं प्लास्टिक कमजोर असतं म्हणून पाईप फुटत नाही, त्यात राहिलेल्या कचऱ्यामुळे फुटतो. रेतीचा कण, लेबलचा तुकडा, दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचा ठिपका. सततच्या ताणाखाली त्या कणापासून बारीक तडा निघतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू सरकतो. तेव्हा माल धुऊन, गाळून घ्या, नव्या माल्याशी मोजून मिसळा, आणि तडा किती दिवसांनी निघतो याची चाचणी घ्या. एवढं केलं तर तो पाईप रस्त्याखालीही चालू शकतो. त्यानंतर तिथल्या रस्ते खात्यांच्या मानकात अशा पाईपला वेगळी जागा, वेगळ्या चाचण्या मिळाल्या.

आपल्याकडे आता उलटी गंमत बघा. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ प्रमाणे जुन्या प्लास्टिकपासून बनवलेल्या पन्नीवर, म्हणजे कॅरीबॅगवर, 'रिसायकल्ड' असं छापणं बंधनकारक केलं. ती पन्नी भाजी घरी आणेपर्यंत टिकते. महाराष्ट्रात तर २०१८ च्या बंदीने पन्नीच गेली, निदान कागदावर. पण जो पाईप तीस-चाळीस वर्षं जमिनीखाली राहायचा आहे, त्याच्यापर्यंत त्या नियमातली ही अट येतच नाही.

आणि पाईप कितीही शुद्ध आणला तरी तो गाडायचा कसा, हा प्रश्न उरतोच. ह्यूम पाईप कडक असतो. वरचं ओझं तो स्वतः पेलतो नाही तर तडकतो. प्लास्टिकचा पाईप लवचिक. ओझं आलं की तो थोडा चपटा होतो, बाजूंनी फुगतो आणि बाजूची दाबलेली माती त्याला थोपवते. म्हणजे निम्मी ताकद पाईपची, निम्मी बाजूच्या भरावाची. त्याची ताकद एसएन-४, एसएन-८ अशी लिहितात. आकडा जेवढा मोठा तेवढा तो दाबाखाली कमी वाकतो. पण बाजूला रेती किंवा बारीक मुरूम थर देऊन दाबायच्या ऐवजी खोदलेली काळी मातीच परत ढकलली, तर एसएन-८ सुद्धा दोन पावसाळ्यांत अंडाकृती होतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जेसीबीवाला काय करतो हे सांगायला नको. मग पाईप उघडा पडला की लोक म्हणतात, भंगाराचा होता. असेलही. पण तो नव्या माल्याचा असता तरी चपटाच झाला असता. ठेकेदाराला तर हे सोयीचंच: भरावाची चोरी पाईपच्या नावावर खपते.

यात पणाला काय लागलंय ते अकोलेकरांना समजावून सांगायची गरज नाही. जानेवारी २०१८ मध्ये सारं शहर मोर्णेत उतरलं, जलकुंभी काढली, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं. नदीत येणारं सांडपाणी थांबल्याशिवाय ते टिकणार नव्हतं आणि टिकलं नाही. जुलै २०२१ मध्ये एका रात्रीच्या पावसात तीच मोर्णा लोकांच्या घरात शिरली. सांडपाणी अडवायचं तर पाईप हवा, पावसाचं पाणी काढायचं तरी पाईप हवा. किलोमीटरच्या किलोमीटर. प्रत्येक ठिकाणी सर्वांत महाग माल घालू म्हटलं तर पैसा पुरत नाही, आणि गुपचूप स्वस्त माल घातला तर दहा वर्षांत परत खोदावं लागतं.

माझं मत विचाराल तर असं आहे. ज्या मुख्य गटारावरून ट्रक जातो, जो पंधरा फूट खोल आहे, तिथे आज आपल्या तपासणीची जी अवस्था आहे ती पाहता मानकाचा, नव्या माल्याचा पाईप घ्या. खारपाण पट्ट्यात तर सिमेंटपेक्षा प्लास्टिकच घ्या. पण घराच्या अंगणातून नालीपर्यंतचा तुकडा, शोषखड्ड्याचा भोकं पाडलेला पाईप, बागेतलं पाणी काढणं, शेताच्या धुऱ्यावरची छोटी मोरी, इथे जुन्या माल्याचा पाईप उघडपणे, कमी भावात आणि लेखी प्रमाण देऊन घ्यायला काय हरकत आहे? वरूडच्या बागेतली फाटकी नळी तिथल्याच धुऱ्याखाली गेली, तर ती नाल्यात किंवा कुणाच्या शेकोटीत जाणार नाही. यासाठी अंदाजपत्रकात फक्त एक वेगळी ओळ लागते: 'पुनर्वापरित माल्याचा पाईप, इतके टक्के, अमुक कामासाठी'. ती ओळ नसते म्हणून तोच पाईप नव्याच्या ओळीत घुसतो.

गावपातळीवर हे जमण्यासारखं आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता, त्यातले निम्मे स्वच्छतेचे. नाल्या, शोषखड्डे, सांडपाण्याचे पाईप बरेचसे त्यातूनच झाले. ही बिलं ग्रामसभेत मागता येतात, माहिती अधिकारात मिळतात. मागताना 'पाईप बसवला का' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'हो' असंच येतं. विचारा: पाईपवर छापलेला आयएस क्रमांक कोणता, वर्ग कोणता, बॅच नंबर काय, तपासणीचा कागद कुठे, आणि बाजूला भराव कशाचा केला.

मानकाच्या पाईपवर हे सगळं दर थोड्या अंतरावर छापलेलं असतं. सिमेंट पाईपवर एनपी आणि त्याचा आकडा रंगवलेला असतो. रस्त्याच्या कडेला ढीग पडलेला असतो तेव्हा ते वाचायला दोन मिनिटं लागतात; एकदा माती पडली की कुणाच्या बापाला वाचता येत नाही. तुमच्या वॉर्डात, गावात सध्या जे पाईप उतरलेत त्यांच्या छपाईचा फोटो काढून गावाच्या नावासह इथे टाका. काहीच छापलेलं नसेल तर तोही फोटो टाका. महिनाभरात अमरावती आणि अकोल्याची यादी जमली की दोन्ही जिल्हा परिषदांकडे त्या कामांची अंदाजपत्रकं मागणार आहे.